भुताची साक्ष धरायची का? बडोद्यातल्या गूढ गुप्तहेरकथेवरून वाद

रावपुरा_कट्टा:
माझ्या कथेचा सांगाडा असा. जानेवारी महिना. विश्वामित्री नदीत, काळा घोडा पुलाखाली एका मुनिमाचं प्रेत सापडतं, अंगावर मगरीचे दात. पोलीस अपघाती मृत्यू लिहून मोकळे व्हायच्या बेतात. गुप्तहेराला नदीतला गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, दिसतो. गिऱ्हा म्हणतो, ‘हा माझ्या पाण्यात बुडालेला नाही.’

माझं मत: गिऱ्ह्याने बोट दाखवावं, पुरावा माणसानेच काढावा. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यातला दुसरा नियम अलौकिक शक्तींना दारातच अडवतो. इतकं सोवळं नको. पण उकल भुताच्या तोंडून आली तर वाचकाने आधीची दोनशे पानं वाचली कशाला?

पुरावा आहेच. बुडताना पाणी श्वासात जातं आणि त्यातले डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं, फुप्फुसातून रक्तात व तिथून अस्थिमज्जेत पोचतात. मांडीच्या हाडातली मज्जा नायट्रिक आम्लात घातली की बाकीचं विरतं, कवचं उरतात. ती नदीच्या पाण्याशी जुळली नाहीत, दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्याच्या हौदाशी जुळली, की काम झालं.

पिंपळावरचा_मुंजा:
मग गिऱ्हा हवाच कशाला? ‘रात्री गाडीतून काहीतरी टाकलं’ एवढं तर पुलाजवळचा सेव-उसळवालाही सांगेल. केस प्रयोगशाळेत सुटणार असेल तर भूत नुसतं शोभेला. अशा कथांची हीच खोड आहे: मुखपृष्ठावर हडळ, आत पोस्टमॉर्टेम. गूढकथा लिहायची तर भुताच्या शब्दाला वजन द्या.

न्यायमंदिराची_पायरी:
वजन द्या, पण कोर्टात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याचं कलम २६ मृत्युपूर्व जबाबाला जागा देतं, मृत्युपश्चात जबाबाला नाही. कलम २३ मधली सवलत, म्हणजे सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य, ती कोठडीतल्या आरोपीपुरती. गिऱ्हा आरोपीही नाही आणि कोठडीतही नाही. गुप्तहेर पिंजऱ्यात उभा राहून ‘मला त्याने सांगितलं’ म्हणाला तर ती ऐकीव गोष्ट, मग सांगणारा जिवंत असो वा मेलेला.

एक फट मात्र लेखकांना दिसत नाही. गुन्ह्याची बातमी कुठून मिळाली हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही. म्हणजे इन्स्पेक्टरने डायरीत ‘खास बातमीदार’ लिहायचं आणि गप्प बसायचं. गिऱ्ह्याची कायदेशीर जागा हीच.

आणि मुंजाभाऊ, सेव-उसळवाला इथे पुरत नाही. अपघातच ठरवला असेल तर मज्जा कोण काढून ठेवणार आणि नदीचं पाणी कोण भरून ठेवणार? तुलनेचा नमुना नसेल तर ती तपासणी पांगळी. प्रेताला अग्नी दिला की संपलं. गिऱ्ह्याने तोंड उघडायचं ते पंचनामा आणि स्मशान यांच्यामधल्या काही तासांत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालचा तो पंचनामा पोलिसांचा. खासगी गुप्तहेराला तिथे हक्क नाही, म्हणून आतला एक माणूस पहिल्या प्रकरणातच पेरून ठेवा.

मगरवाली_ताई:
जानेवारी छान निवडलात, नकळत का होईना. थंडीत मगर काठावर ऊन खात पडते, खाणं फार कमी. तेव्हा इतके चावे म्हणजे शंकेला जागा. मेल्यानंतरच्या चाव्याभोवती रक्त साकळलेलं नसतं, हे डॉक्टरच्या तोंडी एका वाक्यात घाला.

आणि कृपा करून मगर कापून पोटातून अंगठी काढू नका! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. पिंजरा लावायचा तरी वन खात्याला बोलवावं लागतं.

पिंपळावरचा_मुंजा:
तासांचा मुद्दा पटला. पण तरी तुम्ही त्याला खबऱ्याच केलात. गिऱ्हा पाण्याला बांधलेला, ही त्याची मर्यादा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, पाणी लोकांच्या घरांत शिरलं. कथेत तसा पूर आणा. ज्या रात्री पाणी खुन्याच्या वाड्याच्या जिन्यावर चढतं, त्या रात्री गिऱ्हाही चढतो. पाणी ओसरेपर्यंतच त्याला मुभा. हे दृश्य कुठली प्रयोगशाळा देणार?

नियम आधी सांगा हे कबूल. विक्रमाने बोलायचं नाही, बोलला तर वेताळ झाडावर परत, ही अट सुरुवातीलाच कळते आणि त्यावर पंचविशी चालते. अट लपवली असती तर पहिल्याच गोष्टीला वाचक उठून गेला असता.

रावपुरा_कट्टा:
पूर आणलात तर माझा हौद बुडाला! नदीचंच पाणी त्यात शिरलं की दोन्ही नमुने एक. खुनी हेच कोर्टात म्हणेल.

मगरवाली_ताई:
म्हणू दे. हौदाचा नमुना पुराआधी, जानेवारीतच, पंचांसमोर सीलबंद झालेला हवा. पण हौद शेवाळलेला दाखवा हं. गाळलेल्या नळाच्या पाण्याची प्लास्टिकची टाकी असेल तर डायटम इतके थोडे असतात की अहवालात काहीच येत नाही.

न्यायमंदिराची_पायरी:
आणि बाटलीच्या सीलवर पंचांच्या सह्या असू द्या. गिऱ्ह्याची सही चालणार नाही.

पिंपळावरचा_मुंजा:
चालेल. जिन्यावरचा प्रसंग मात्र सोडणार नाही. खुन्याने तिथे दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिको न टिको, ऐकायला पोलीस नसणार, फक्त गिऱ्हा. पाणी किती पायऱ्या चढलं ते तेवढं आधीच्या प्रकरणात मोजून ठेवा.