दहावीनंतर आयटीआय की बीए?

वर्कशॉपवाला:
दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच टेप: आधी पदवी, मग बघू. घरची परिस्थिती बेताची असेल तर पोराला सरळ आयटीआयला घाला. फिटर ट्रेड दोन वर्षांचा, पुढे १९६१ च्या कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिस, तेही स्टायपेंड घेऊन. सुरुवातीला लोखंडाचा तुकडा (जॉब) देतात आणि कानस मारायला लावतात. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की परत घासायचं. हाताला फोड येतात, पण काटकोन कायमचा डोक्यात बसतो. बीए करून तीन वर्षांत काय हाती लागतं, सांगा कोणीतरी.

सोलापूरकर:
सांगतो की. राज्यसेवेचा अर्ज भरता येतो, बँकेची परीक्षा देता येते. तुमच्या फिटरला तिथं दारातच अडवतात. आणि अप्रेंटिसची गोष्ट अर्धीच सांगितलीत. अप्रेंटिसशिप संपल्यावर कायम किती जणांना करतात? बाकीचे ठेकेदाराच्या हजेरीवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आधी घरी बसवलं ते ठेक्यावरच्यांनाच. पदवीवाले घरून लॅपटॉपवर पगार घेत होते.

वर्कशॉपवाला:
ते इंजिनिअर हो. बीएवाले तेव्हाही स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट बघत होते, आताही बघतायत.

गॅरेजवाली:
आमचं दुचाकीचं गॅरेज आहे, म्हणून बोलते. ‘कला हातात असली की उपाशी मरत नाही’ हे अर्धसत्य आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, लागू झाला आणि बहुतेक नव्या गाड्यांतून पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बुरेटर गेला. आधी जेट साफ करायचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, कानाने आवाज ऐकायचा, गाडी सेट. आता कार्बुरेटरऐवजी सेन्सरवर चालणाऱ्या इंजेक्शनची गाडी आली की स्कॅनर लावा, एरर कोड वाचा. आमच्या ह्यांचे वीस वर्षांचे कान त्या गाडीपुढे काय कामाचे? ज्या पोराला सेन्सर आणि व्होल्टेज समजतं तो टिकला. ते समजायला चार बुकं शिकावीच लागतात.

सोलापूरकर:
बरोबर बोललात ताई. सरकारचा हिशेबही बघा. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना: बारावी पास ६ हजार, आयटीआय-पदविका ८ हजार, पदवीधर १० हजार महिना. काम कुठलं येतं हे विचारलंच नाही, कागद बघून दर लावला.

वर्कशॉपवाला:
हेच तर दुखणं आहे! आणि पदवीचं दार बंद कुठं होतंय? दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. राज्यसेवाच द्यायची तर नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची बीए करा, चालते. उलटं करून दाखवा. बीए झालेला बावीस वर्षांचा पोरगा सोळा वर्षांच्या पोरांशेजारी कानस धरायला उभा राहत नाही.

सोलापूरकर:
म्हणजे शेवटी पदवी लागलीच ना?

वर्कशॉपवाला:
लागली. पण तोवर तो घरी पैसे पाठवतोय.

गॅरेजवाली:
ठेकेदाराने वेळेवर दिले तर.