विषय: गणपती ते दिवाळी कुठला वेटसूट घालावा?

प्रेषक: वेंटवर्थव्हिलकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या तालमींच्या मेलांमध्ये भलताच विषय घुसवतोय, सांभाळून घ्या. मी आणि धाकटी लेक (वय ११) सिडनीच्या कॉलरॉय किनाऱ्यावर सर्फिंग शिकतोय. उन्हाळ्यात रॅशी (पोहण्याचा घट्ट शर्ट) आणि बोर्डशॉर्ट्सवर भागलं, मधली थंडी घरात काढली. आता गणपती गेले, बाहेर पंचवीस अंशांचं छान ऊन पडतंय, पोरगी मागे लागली आहे. दुकानात विचारलं तर त्यांनी आखूड बाह्या, आखूड पाय असा २ मिमीचा सूट पुढे केला, १५० डॉलर. म्हणे आता उन्हाळाच येतोय. लेकीच्या मैत्रिणीचे वडील म्हणतात, सरळ स्टीमर (पूर्ण बाह्या-पायांचा सूट) घ्या. इंटरनेटवर कोणी ४/३ मिमी जाडी सांगतं, कोणी ५/४ आणि वर बूट-हातमोजे. डोकं गरगरायला लागलं.

माझं लहानपण मालवणात गेलं. समुद्रात शिरताना कपडे काढायचे असतात, चढवायचे नसतात, अशी आमची समजूत. मंडळात ढोल वाजवणारे बक्कळ आहेत, सर्फ करणारं कोणी आहे का?

---

प्रेषक: डी वायकर

दादा, ते दीडशे डॉलर तूर्त खिशातच राहू द्या. तो सूट वाईट नाही, पण त्याचा मोसम मार्चमध्ये येईल.

सिडनीत दोन ऋतूंच्या मधला काळ वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा हवा साधारण सारखीच असते. पाणी मात्र अजिबात सारखं नसतं. समुद्र म्हणजे अवाढव्य बंब आहे, तापायलाही महिने लागतात आणि निवायलाही. आपल्या सणांवरून सांगतो म्हणजे लक्षात राहील. गणपतीत पाणी वर्षातलं सगळ्यात गार, १७-१८ अंश. दिवाळीला १९-२०. संक्रांतीला २२च्या आसपास. शिमगा आणि पाडव्याला २३, म्हणजे कळस. अक्षय्य तृतीयेलाही २१-२२ टिकून असतं, कारण पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह कोरल समुद्राकडचं गरम पाणी खाली आणत असतो. आषाढीपर्यंत १९ वर येतं. ऑक्टोबर आणि एप्रिल, दोन्हीकडे बाहेर तेच सुखाचं ऊन, पण पाण्यात तीन-चार अंशांचा फरक. मालवणच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला तर १८ अंश म्हणजे शिक्षाच.

त्यात आणखी एक मेख आहे. ऑक्टोबरपासून दुपारी ईशान्येचा वारा सुटतो, इथे त्याला नॉरईस्टर म्हणतात. वाऱ्याने ढकललेलं पाणी दक्षिण गोलार्धात वाऱ्याच्या डावीकडे वळतं. हा वारा किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो, त्याची डावी बाजू म्हणजे खोल समुद्र. तर वरचं तापलेलं पाणी बाहेर जातं आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. दोन-तीन दिवस वारा टिकला की पाणी चक्क तीन-चार अंशांनी उतरतं. ऐन डिसेंबरात, अंगाची लाही होत असताना पाण्यात पाय घातला की कळ मस्तकात जाते ती यामुळे. म्हणजे "उन्हाळा येतोय" या भरवशावर आखूड सूट घेऊ नये.

तेव्हा आत्ताच्या दिवसांना हलका सूट म्हणजे पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा ३/२. छाती-पाठ-पोटाला ३ मिमी, हातापायांना २ मिमी. सिडनीत बहुतेक लोक कडक थंडीतही याच्यावरच काढतात, पण तुम्ही थंडीत जाणार नाही असं दिसतंय, म्हणून त्यातला महागडा, आतून लोकरीसारखं अस्तर असलेला प्रकार घेऊ नका. तो वाळत नाही लवकर, आणि नोव्हेंबरात घामाघूम व्हाल. साधा, लवचिक, दोनशे-अडीचशेचा बघा. पुढे पाचशे-सहाशेपर्यंतही जाता येतं. तो पैसा बहुतेक लवचिकपणाचा आणि शिवणीचा असतो.

शिवणीवरून आठवलं. सूट उलटा करून शिवण बघाच. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे धागा दिसला तर ती फ्लॅटलॉक. सुई आरपार गेलेली असते, म्हणजे प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपणार. मार्च-एप्रिलच्या सुटाला ती चालते. आत्ता घ्यायच्या सुटाला कडा चिकटवून अर्ध्याच जाडीत टाका घातलेली शिवण हवी. लेबलवर जीबीएस लिहिलेलं असतं. निओप्रिनच्या (सुटाच्या रबराच्या) आत वायूचे बारीक बुडबुडे असतात, ऊब ते धरून ठेवतात. पण आत गार पाणी ये-जा करत असेल तर ३ काय आणि ५ काय, उपयोग शून्य. चांगल्या शिवणीचा, अंगाला बसणारा २ मिमी सूट ढगळ ३/२ पेक्षा जास्त ऊब देतो. हे दुकानातले लोक सांगत नाहीत, कारण फळीवर जाडीचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि शिवण बारीक अक्षरात.

आणि म्हणूनच कृपा करून लेकीसाठी "वाढत्या अंगाचा" घेऊ नका. शाळेच्या गणवेशाला ते ठीक आहे. सुटात कमरेच्या मागे, काखेत, मानेशी मोकळी जागा राहिली की प्रत्येक लाटेला तिथे पाणी भरतं. घालताना घुसमटल्यासारखं वाटलं पाहिजे, हात डोक्यावर नेल्यावर खांदा ओढला जाता कामा नये, आणि पाठीचा कणा जिथे आत वळतो तिथे चिमटीत कापड येता कामा नये. दुकानात "फार घट्ट आहे" असं वाटलं तर बहुधा बरोबर आहे. ओला झाल्यावर थोडा सैलावतो.

इंटरनेटवरचे ते ४/३-५/४ वाले उत्तर कॅलिफोर्निया नाहीतर कॉर्नवॉलमधले असतात. सॅन फ्रान्सिस्कोचं पाणी उन्हाळ्यातही १५ च्या वर जेमतेम जातं. ऑस्ट्रेलियातला सल्लाही जपून घ्या. रिप कर्ल १९६९ साली व्हिक्टोरियात टॉर्कीला सुरू झालं, त्या गार पट्ट्यात वेटसूट ही गरजच होती. तिकडच्या माणसाचा "हलका" आपल्याला उकडवेल.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

सर्वांना नम्र विनंती. दिवाळी स्नेहसंमेलनाच्या फराळाची नोंदणी शुक्रवारपर्यंत करावी. चकली भाजणीची आहे, तांदळाची नाही. कृपया या मेलला उत्तर देताना "रिप्लाय ऑल" करू नये.

---

प्रेषक: मरूब्राकर

डी वायकरांचं बरंचसं पटतं, सगळं नाही. (आणि समितीला: चार पाकिटं माझी. होय, रिप्लाय ऑल केलंय.)

दादांसाठी मी ३/२ सुचवणार नाही. नवशिक्याचा निम्मा वेळ हात मारण्यात जातो आणि चाळिशीतले खांदे आधी थकतात, थंडी नंतर वाजते. पूर्ण लांबीचा २ मिमी स्टीमर मिळतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दुपारचा वारा सुटायच्या आत जाऊन तासाभरात बाहेर येणार असाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून तो पुरतो आणि मे संपेपर्यंत वापरता येतो. सप्टेंबरच्या उरलेल्या दिवसांत सकाळी जाणार असाल तर आतून १ मिमीची बिनबाह्यांची बंडी घालायची. बंडी चाळीस-पन्नास डॉलरांत येते आणि वर्षभर कुठल्याही सुटाखाली कामाला येते.

लेकीसाठी मात्र ३/२, तिथे घासाघीस नको. लहान अंगातून ऊब लवकर निघून जाते, आणि मुलं स्वतः "थंडी वाजते" म्हणत नाहीत, कारण म्हटलं की बाहेर काढतील. ओठ निळसर दिसले, बोटं जुळेनाशी झाली, बोलणं मंदावलं, की लाटा कितीही सुंदर असोत, बाहेर. शिवाय शिकणारी मुलं कंबरभर पाण्यात बोर्ड धरून उभी असतात. वरचं अंग ओलं, वर वारा. सप्टेंबरात सकाळी जमिनीवरून येणारा पश्चिमेचा कोरडा वारा पाण्यापेक्षा जास्त त्रास देतो. छाती-पाठीवर गुळगुळीत रबरी पट्टा असलेला सूट बघा. त्यावर पाणी ठरत नाही, म्हणून वाऱ्याने अंग कमी निवतं. कापडी पृष्ठभाग पाणी धरून ठेवतो आणि सुकताना ऊब घेऊन जातो. तो रबरी पट्टा नखाने फाटतो मात्र, तेव्हा चढवताना बोटांच्या पेरांनी ओढायचं.

चेनबद्दल डी वायकर काहीच बोलले नाहीत, ते तिशीत आहेत म्हणून. छातीवरच्या चेनचा सूट जास्त लवचिक आणि कमी गळका हे खरं. पण त्यात शिरायचं म्हणजे मानेच्या भोकातून अख्खं शरीर आत घालायचं आणि निघताना खांदे त्यातूनच सोडवायचे. ज्यांचा खांदा एकदा आखडला आहे त्यांनी पाठीवरची चेनच घ्यावी. थोडं पाणी शिरेल, शिरू दे. पायात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून मग पाय सरकवायचा, झटक्यात जातो.

मान काचते. पहिल्याच दिवशी काचते. त्यावर व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियमने निओप्रिन आणि त्याचा गोंद खराब होतो. सर्फच्या दुकानात मेणाची कांडी मिळते. खोबरेल तेलाचा मोहही टाळा, हाताला लागलं की बोर्डवरून हात सटकतात.

लांब बाह्यांचा एक फायदा कोणी मोजत नाही. नॉरईस्टरबरोबर ब्लूबॉटलही (जेलीफिशसारखे डसणारे निळे जीव) किनाऱ्याला लागतात. झाकलेल्या अंगाला त्यांचे तंतू डसत नाहीत. आणि इथलं ऊन काय चीज आहे ते सगळ्यांना ठाऊक आहेच.

एक महत्त्वाचं. शाळेच्या वसंतातल्या सुट्टीपासून २५ एप्रिलपर्यंत, म्हणजे अँझॅक डेपर्यंत, स्वयंसेवक जीवरक्षकांची गस्त असते. मे महिन्यात पाणी सुरेख असतं, गर्दी नसते, आणि बऱ्याच किनाऱ्यांवर गस्तीची जागा दाखवणारे लाल-पिवळे झेंडेही नसतात. सूट चांगला असला की माणूस पाण्यात जास्त वेळ राहतो आणि जास्त आत जातो. एकट्याने जाऊ नका.

---

प्रेषक: वेंटवर्थव्हिलकरांची सौ.

मी पण याच यादीवर आहे हे आमच्याकडे विसरलेले दिसतात. माझे दोनच प्रश्न. हे प्रकरण वॉशिंग मशीनमध्ये जातं का? आणि सेकंडहँड चालतो का, कारण पोरगी वर्षभरात उंच होणार हे नक्की आहे.

---

प्रेषक: डी वायकर

वहिनी, मशीनमध्ये अजिबात नाही, गरम पाणी नाही, ड्रायर तर नाहीच. घरी आल्या-आल्या नळाच्या गार पाण्यात आतून-बाहेरून खळबळून काढायचा आणि उलटा करून सावलीत वाळत घालायचा. उन्हात रबर कडक होतं. तारेच्या हँगरवर खांद्यांनी टांगला तर ओल्या सुटाच्या वजनाने खांदे ताणले जातात. दांडीवरून कमरेत दुमडून टाकायचा, साडी टाकतो तसा. वासाबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. वासाचं कारण समुद्र नसतो. पाण्यात थंडी वाजली की माणसं काय करतात ते मी इथे लिहीत नाही. वेटसूट धुवायचा वेगळा शाम्पू मिळतो, तो आणून ठेवा.

सेकंडहँड मुलांसाठी उत्तमच. मुलं सूट झिजवण्याआधी त्यातून मोठी होतात. घेताना गुडघे आणि काखेतली शिवण ताणून बघा, आरपार उजेड दिसला तर नको. निओप्रिन बोटाने दाबून सोडा. लगेच फुगून वर आलं तर आत बुडबुडे शाबूत आहेत. दबलेलंच राहिलं, हाताला पातळ-कडक लागलं, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

मरूब्राकर ताई, २ मिमी स्टीमरचा मुद्दा मान्य, बंडीसकट. फक्त दादा तासाभरात बाहेर येतील हे मला मान्य नाही. मालवणी माणूस आहे.

---

प्रेषक: कॅसल हिलकर

आमच्या मुलाचा ३/२, वय १२ चा, गराजमध्ये पडून आहे. दोन उन्हाळे वापरला. मुलगा आता सहा फूट आहे. पैसे नकोत, फराळाच्या दिवशी हॉलवर घेऊन येते. वर सांगितल्याप्रमाणे दाबून बघितला, वर येतोय.

---

प्रेषक: वेंटवर्थव्हिलकर

काकू, खूप आभार. पण फराळापर्यंत लेक थांबणार नाही. उद्या संध्याकाळी घरी येऊन नेला तर चालेल का? अंगावर बसला नाही तर परत आणून देतो, वाढत्या अंगाचा म्हणून ठेवून घेणार नाही.

माझ्यासाठी पाठीवर चेन असलेला पूर्ण लांबीचा २ मिमी बघून आलो. शिवण उलटी करून बघितली तेव्हा विक्रेत्याने "तुम्ही सर्फर का?" असं विचारलं, हे सौ.ला मुद्दाम कळवतो. जीबीएस होती. बंडीही घेतली. दोन्ही मिळून अडीचशेच्या आत.

आता शनिवारी कॉलरॉयला कोण-कोण येतंय? दक्षिणेची लाट लाँग रीफच्या भूशिरामुळे तिथे मवाळ होऊन येते, म्हणून तिथेच जाऊ. एम२ हायवेने सकाळी तासभर धरतो आहे. गाडीत दोन जागा आहेत, बोर्ड एकच मावेल.

---

प्रेषक: मरूब्राकर

मी येते. अंदाजानुसार अकराला नॉरईस्टर सुटतोय, म्हणून सातला पाण्यात. सात म्हणजे सात, मंडळाच्या कार्यक्रमाचे सात नव्हे. गरम पाण्याचा एक मोठा थर्मास आणा, चहासाठी नाही, बाहेर आल्यावर सुटाच्या मानेतून आत ओतायला. कोमट हं, कढत नाही.