सबटायटल्स वाचत पाहिलेल्या परदेशी मालिका: या, तुमचेही अनुभव लिहा

काठावरची
काल बातम्यांत ओरेसुंडच्या पुलाचा फोटो दिसला आणि हातातलं काम सोडून बघतच बसले. कोपनहेगन ते माल्मो, २००० साली सुरू झालेला पूल, पण माझ्या डोक्यात तो कायमचा 'ब्रॉन' या मालिकेतलाच पूल आहे. रात्री दिवे जातात, परत येतात तेव्हा बरोब्बर सीमारेषेवर मृतदेह, अर्धा स्वीडनमध्ये, अर्धा डेन्मार्कमध्ये. दोन्हीकडचे पोलीस आलेत आणि मागे एक अँब्युलन्स खोळंबलीय, आत हृदयाचा पेशंट. डेन्मार्कचा मार्टिन म्हणतो जाऊ द्या, स्वीडनची सागा म्हणते पुरावा बिघडेल, नाही. तो सोडतोच गाडी. ती त्याच्यावर सरळ तक्रार ठोकते! पहिल्याच भागात दोन माणसं आरपार कळली, आणि मला त्यांच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं.
तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच. डॅनिश, फ्रेंच, नॉर्वेजियन, आइसलँडिक, मिळेल ते. मला वाटतं सबटायटल्समुळेच या मालिका एवढ्या भिनतात. फोन बघता येत नाही, उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, नजर हलली की वाक्य गेलं. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात फार कमी गोष्टी पाहिल्यात. तुमचं कसं सुरू झालं? लिहा ना सगळे.

रात्रपाळी
द किलिंग!!! डॅनिश, २००७ चं. अमेरिकन रिमेक नाही म्हणत मी. एक खून आणि वीस भाग, एका भागात एक दिवस. बाकी मालिकांत खून झाला की पाच मिनिटांत आईबाप रडून संपतात आणि मग डिटेक्टिव्हच डिटेक्टिव्ह. इथे त्या मुलीच्या घरातलं दुःख शेवटपर्यंत चालू राहतं, धाकट्या मुलांना सांगायचं कसं, दफनाचं काय करायचं, वडील कामावर जातात पण हात चालत नाहीत. आणि तिकडे महापौरपदाची निवडणूक, तिचे धागे बरोबर या खुनापर्यंत. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी लावायचो आणि अंधार पडलेला कळायचा नाही.

दोनसुया
'द किलिंग'मधली डिटेक्टिव्ह सारा लुंड, तिच्या स्वेटरचा विषय कुणीच काढला नाही अजून? मी मालिका त्या स्वेटरसाठीच सुरू केली होती, कुणीतरी म्हणालं बघ काय सुंदर विणलाय. फेरो बेटांवरची लोकर आणि नक्षी. ठरवलं की बघत बघत तसाच विणायचा, पण विणणार कसा, खाली टाके मोजू की वर वाचू! साध्या सुलट ओळी न बघता जमतात हो, पण नक्षीच्या ओळीला दोन रंग असतात, तिथे नजर लागतेच. शेवटी नियम केला, आधी भाग पूर्ण बघायचा, मग टीव्ही बंद करून विणायचं आणि विणताना खुनी कोण याचा विचार करायचा. स्वेटर झाला, मुलगी घालते अजून.

रात्रपाळी
दोनसुया ताई फोटो टाका की!! आणि खुनी कोण ते बरोबर ओळखलंत का विणता विणता?

दोनसुया
सहाव्या भागात संशय आला होता मला त्या

काठावरची
थांबा थांबा, नाव नको! नवीन लोक वाचतायत. त्या मालिकेत काम करणाऱ्या कलाकारांनासुद्धा शेवटापर्यंत खुनी कोण ते सांगितलं नव्हतं म्हणतात, आपण इथे कशाला फोडायचं.

निळीशाई
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. बाबांना ऐकू येणं कमी झालं तसं त्यांनी टीव्हीसमोर बसणंच सोडलं. मशीन लावायचे पण मशीनमध्ये पार्श्वसंगीत आणि बोलणं सगळं एकत्र गोळा होतं म्हणायचे. आम्ही हसलो की ते आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग काय झालं विचारायचे, आणि आम्ही पटकन सांगून मोकळे व्हायचो, सांगितलेल्या विनोदाला काय मजा असणार. मग एकदा भाऊ 'बोर्गन' लावून बसला होता, बाबा येऊन शेजारी बसले. आणि उठलेच नाहीत. त्या खोलीत कुणालाच डॅनिश येत नव्हतं, सगळे वाचत होते, त्यामुळे बाबा कुणाच्याही मागे नव्हते. उलट त्यांचा वाचायचा वेग आमच्यापेक्षा जास्त, आम्ही दुसऱ्या ओळीवर असायचो तेव्हा त्यांची प्रतिक्रिया येऊन गेलेली असायची. "हा कॅस्पर लपवतोय काहीतरी, बघ." आणि खरंच लपवत असायचा. आता घरात नवीन मालिका कुठली लावायची ते बाबा ठरवतात.

काठावरची
निळीशाई, डोळ्यांत पाणी आलं गं. बाबांना माझा नमस्कार सांग.

मतपेटी
बोर्गनचं नाव निघालंच आहे तर. मला राजकारणातलं जागावाटपाचं गणित बघायला मनापासून आवडतं आणि ही मालिका म्हणजे मेजवानी. डेन्मार्कच्या संसदेत १७९ जागा, बहुमताला ९० लागतात आणि तिथे १९०९ पासून कुठल्याही एका पक्षाला एकट्याला बहुमत मिळालेलं नाही. म्हणजे कायमच बोलणी, कायम देवाणघेवाण. म्हणून मालिकेची नायिका बिर्गिटे न्युबोर्ग डाव्या-उजव्यांच्या मधल्या एका पक्षाची नेता असून पंतप्रधान होते ते तिथल्या माणसाला अचाट वाटत नाही. मालिका २०१० ला सुरू झाली आणि २०११ मध्ये डेन्मार्कला खरोखरच पहिली महिला पंतप्रधान मिळाली, हेले थोर्निंग-श्मिट. अजून एक, मालिकेत बिर्गिटेचा पक्ष मॉडरेट्स, पुढे माजी पंतप्रधान लार्स ल्योके रासमुसेन यांनी जवळजवळ त्याच नावाचा पक्ष काढला, २०२२ च्या निवडणुकीत १६ जागा घेतल्या आणि सरकारमध्ये गेले. २०२२ चा नवीन सीझन पाहिला का कुणी? ग्रीनलंडमध्ये तेल सापडतं तो. त्यातली बिर्गिटे खुर्चीला चिकटलेली आहे, मला बघवत नव्हती पण लिहिलीय फार प्रामाणिकपणे.

साधीमाणूस
मला राजकारण झेपत नाही पण बिर्गिटेच्या घरचे सीन बघून मी नवऱ्याला उठवून बोलत बसले होते.

कोर्टकचेरी
घाईत लिहितेय, पोरगं झोपलंय तोवर. फ्रेंच 'स्पायरल' बघाच. २००५ ते २०२०, आठ सीझन. मी कायद्यातली आहे त्यामुळे मला चोर-पोलिसापेक्षा पद्धत बघायची होती. तिथे गंभीर गुन्ह्यात तपास न्यायाधीशाच्या हातात असतो, पोलीस त्याच्यासाठी काम करतात. म्हणून तो रोबान नावाचा न्यायाधीश आपल्या छोट्या ऑफिसात बसून स्वतः आरोपीला प्रश्न विचारतो, समोर कारकून टाइप करतेय, वकील बाजूला. एवढंच. आरडाओरडा नाही. पण त्या खोलीत जो ताण आहे ना! आणि पोलिसांकडे ताब्यात ठेवायला साधारण चोवीस तास, वाढवून अठ्ठेचाळीस, त्यामुळे कॅप्टन लोर बेर्तो सतत घड्याळाशी झुंजत असते. ती नियम मोडते, मला पटत नाही, तरी तिच्यासाठी जीव तुटतो. वकील जोसेफिनबद्दल तर वेगळं लिहीन. उठला, जाते.

पुलापलीकडे
मी माल्मोत राहतो, कामासाठी कोपनहेगनला जातो, त्यामुळे काठावरचीने दाखवलेला पूल माझा रोजचा. ट्रेन पुलावरून जाते, जवळजवळ आठ किलोमीटर, मग एक मानवनिर्मित बेट येतं आणि तिथून पुढे पाण्याखालचा बोगदा. धुकं असलं की पुलाचे खांबच फक्त दिसतात, अगदी मालिकेतल्यासारखं. सांगायचं म्हणजे इथे परदेशी मालिका सहसा डब करत नाहीत, लहान मुलांच्या कार्यक्रमांचं सोडा. सगळे लहानपणापासून वाचत बघतात. जर्मनीतल्या माझ्या मित्रांना मात्र डबिंगचीच सवय, त्यांना मूळ आवाज चालू केला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

रिमोटमाझा
डबिंगला एवढी नावं नका ठेवू. माझ्या सासूबाईंना चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, त्यांनी काय करायचं.

पुलापलीकडे
नावं नाही ठेवत हो, त्यांच्यासाठी डबिंग हवंच. माझं एवढंच म्हणणं की सागाचा तो सपाट, एका पट्टीतला आवाज काढला तर सागाच उरत नाही.

काठावरची
हे शंभर टक्के. 'द ब्युरो'मध्ये मालोत्रू किती हळू बोलतो, फ्रेंच गुप्तहेर खात्याची गोष्ट आणि अर्ध्याहून जास्त सीन टेबलाशी बसून. आवाजातच कळतं की हा आता खोटं बोलतोय.

बर्फाळ
आइसलँडची 'ट्रॅप्ड'. फेरी बंदराला लागते, समुद्रात धड सापडतं, वादळाने डोंगरातला एकमेव रस्ता बंद, बाहेरून पोलीस येऊ शकत नाहीत, गावातल्या तिघांनीच तपास करायचा. तो दाढीवाला आंद्री, बोजड, थकलेला, कोट अंगातून निघतच नाही. फार आवडली. त्रास एकच, सगळीकडे बर्फ आणि सबटायटल्स पांढरी. पांढऱ्यावर पांढरं. महत्त्वाचं वाक्य बर्फातच बोलणार हे लोक.

रात्रपाळी
बर्फाळ, सेटिंगमध्ये जा, सबटायटल्सचं रूप बदलता येतं, मागे काळी पट्टी लाव नाहीतर अक्षर पिवळं कर. आकार पण मोठा होतो. रिमोटमाझा, सासूबाईंना मोठं अक्षर लावून बघा एकदा.

रिमोटमाझा
हे माहीतच नव्हतं! लावलं आत्ता. वाचतायत त्या. कुठली लावू पहिली, फार रक्तबिक्त नको.

निळीशाई
माँटालबानो लावा. सिसिलीचा इन्स्पेक्टर, समुद्र आणि ऊन, एक भाग म्हणजे एक पूर्ण गोष्ट, जवळपास दोन तासांची, त्यामुळे उद्यापर्यंत जीव टांगणीला लागत नाही. इटालियन लोक मात्र भरभर बोलतात, सबटायटल्स पटापट जातात. पॉजचं बटण हाताशी ठेवा.

कोर्टकचेरी
परत झोपला. हां तर जोसेफिन.