मदत हवी आहे: सासूबाईंना कसं सांगू?

आम्ही इंदूरचे. लेक १३ वर्षांची. रविवारी पोहे-जिलेबी आली की सासूबाई 'घे गं, पानात टाकायचं नाही' म्हणत वाढतात, आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर 'केवढी सुटलीये, कोण करून घेणार हिला!' (भावाला मात्र वरून तुपाची धार.)

या वयात मुलींचं वजन वाढतंच; डॉक्टरांनीही वाढीचा तक्ता बघून ठीक म्हटलंय. पण पोर आता डबा तसाच परत आणते आणि रात्री चोरून शेव खाते. परवा आरशासमोर पोट आत ओढून उभी होती. पोटात गलबललं. माझी आईही हेच बोलायची.

सासूबाई प्रेमळ आहेत, दुखवायचं नाहीये. तुमच्यापैकी कुणी घरातलं असं बोलणं थांबवलंय का? नेमकं काय म्हणालात? की लेकीला आत्ताच समुपदेशकाकडे नेऊ?