द्रुतगती मार्गावरची वेगमर्यादा: शिस्त की वसुली?

पनवेलकर
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. कारला सपाटीवर ताशी 100, घाटात 60. मर्यादा हवीच, त्यावर माझा वाद नाही. पण ती राबवायची पद्धत मला अन्यायाची वाटते. पहिलं चलन मला महिना उलटून गेल्यावर आलं. तोवर त्याच पट्ट्यातून माझं येणं-जाणं चालूच होतं आणि त्याच चुकीची आणखी चलनं मागे साठत होती. पहिलं वेळेत मिळालं असतं तर दुसरं झालंच नसतं. केंद्राच्या 2021 च्या नियमात स्पष्ट आहे की गुन्ह्याची सूचना 15 दिवसांच्या आत पाठवायची आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक फलक लावायचा. माणसाने नियम मोडला की दंड, मग यंत्रणेने मोडला तर काहीच नाही?

घाटाखालची
मी खोपोलीची. रात्री-अपरात्री फोन आला की आमच्या गल्लीतली पोरं दोर आणि टॉर्च घेऊन घाटात धावतात. पत्रा कापून माणसं बाहेर काढतात. त्यांच्या हातांवरचे काचेचे ओरखडे मी पाहिलेत, म्हणून "वसुली" हा शब्द मला टोचतो. बोरघाटात एकाच वेळी भरलेला ट्रेलर रांगत चढत असतो आणि कार उडत येत असते. शंभरच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळपास 28 मीटर पुढे जाते. वळणापलीकडे ट्रक बंद पडलेला दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यात शिरलेले असता. 60 ची पाटी उगाच नाही लावलेली. चलन उशिरा आलं म्हणून पाटी खोटी ठरत नाही.

गाडीमालक, सोलापूर
ताई, पोरांना नमस्कार. पण आमचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली कारला हजार ते दोन हजार दंड, जड गाडीला दोन ते चार हजार. चलन फाटतं गाडीच्या नंबरवर. मालक ते ड्रायव्हरच्या पगारातून कापतो, नाहीतर ड्रायव्हर दुसरीकडे कामाला लागतो आणि बोजा मालकाच्या डोक्यावर राहतो. दोन्हीकडून सुधारणा कुणाचीच नाही. दंड लायसन्सवर चढवा, मग बघा वेग कसा उतरतो.
आमच्यातही दोष आहे, तो झाकणार नाही. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारे आहेत. मग इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापून जळका वास सुटतो आणि पुढे पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका जड गाडीने कितीतरी गाड्यांना ठोकरलं. हे वेगाच्या कॅमेऱ्याला आधी कळत नाही. त्यासाठी उतार सुरू होण्यापूर्वी ट्रक थांबवून ब्रेक तपासणारा माणूस लागतो.

रस्ताअभियंता
मालकांशी सहमत. 2022 च्या केंद्रीय अहवालात देशभरात 1,68,491 मृत्यू आणि त्यातले 71 टक्के "अतिवेगाने" असं लिहिलंय. मला तो आकडा पटत नाही. पंचनाम्यात कारण लिहायचं असतं आणि "अतिवेग" हे सगळ्यात सोपं कारण. उघडा दुभाजक, वळणाचा चुकीचा बाक, रस्त्याकडेला उभा ट्रक, हे कागदावर येतच नाही. द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जण गेले होते. पुढच्या काही वर्षांत हा आकडा निम्म्याहून खाली आला, तोही ही कॅमेऱ्यांची यंत्रणा येण्याआधीच. कठडे, खुणा, धोक्याच्या जागांची दुरुस्ती, वेळेत पोचणारी मदत आणि पोलिसांची गस्त, हे सगळं एकत्र केल्यामुळे. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मुभा आहे आणि तिथे झोप व तापलेले टायर हे वेगळेच धोके आहेत. त्यांना पाटी काय करणार?

घाटाखालची
झोप लागली तरी धडक वेगानेच बसते ना? 80 च्या तुलनेत 120 ला धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. कठडा तोच, माणसाच्या बरगड्याही त्याच. रस्ता दुरुस्त करा, जरूर करा. पण तो होईस्तोवर वेग कमी ठेवायचा की नाही?

पनवेलकर
ठेवायचाच. म्हणून तर म्हणतो, यंत्रणेवर लोकांचा भरवसा बसला पाहिजे. चलनावर फोटोसोबत त्या यंत्राच्या तपासणीची तारीख छापा. 15 दिवस उलटले तर ते चलन रद्द समजा.

घाटाखालची
तारीख छापायला माझी हरकत नाही. रद्द करायला आहे. दुसऱ्या बाजूने लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून वर्षानुवर्षं चलनं न भरणारे शेकड्याने आहेत. वेळेत भरणारा मूर्ख ठरतो. आधी ती सवलत थांबवा.

गाडीमालक, सोलापूर
सवलत थांबवा, चालेल. पण आमच्या एका गाडीवर वर्षभराची चलनं एकदम दिसली, तेव्हा ड्रायव्हर कधीच सोडून गेला होता. ती कुणी भरायची, तेवढं सांगा.