मदत हवी आहे: आयरिस फुलत नाहीत, टोमॅटो माना टाकतात आणि बाबांना अक्रोड लावायचाय (ओहायो)

चिंगी

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो, झोन ६ (हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेला पट्टा). गेल्या वर्षी घर घेतलं. पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे, पण घर, ड्राइव्हवे आणि डेक वजा जाता बागेला चारेक गुंठेच उरतात. प्रश्न तीन आहेत, पण ते एकमेकांत अडकलेत असं वाटतंय म्हणून एकाच धाग्यात विचारते.

मागच्या सप्टेंबरात आई-बाबा इथे होते. शेजारच्या आजींनी त्यांच्याकडच्या जांभळ्या आयरिसचे कंद दिले, ते दाढीवाल्या पाकळ्यांचे असतात ना, ते. चौदा तुकडे. बाबांचं आयुष्य सांगलीकडे हळद करण्यात गेलंय. कंद हातात घेऊन म्हणाले, "हे तर हळदीचंच बेणं!" मग काय, सरी-वरंबे पाडले, चांगले चार-पाच इंच खोल लावले, भरणी केली, वर गॅरेजमधलं लॉनचं खतही टाकलं. यंदा पानं तलवारीसारखी आली, पण चौदांतल्या फक्त दोनांना फुलं. आणि आता ऑगस्टात तीन ठिकाणी पानं पिवळी होऊन आडवी झालीत. ओढली तर हातात येतात आणि वास असा की जेवण जाऊ नये.

दुसरं, पूर्वेच्या कुंपणाशी टोमॅटो आणि वांगी लावली होती. जुलैत पाणी भरपूर असतानाही दोन दिवसांत माना टाकल्या. त्याच वाफ्यातला घेवडा आणि मका मात्र ठणठणीत. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं एक प्रचंड झाड आहे, वाफ्यापासून तीसेक फूट. ऑक्टोबरात त्याची हिरवी चेंडूएवढी फळं आमच्याकडे पडतात आणि उचलली की हात आठवडाभर काळे.

तिसरं, बाबांची इच्छा आहे की नातीला घरच्या झाडाचा अक्रोड खायला मिळावा. अक्रोड, चेस्टनट, बदाम, काय लावू? रच्याकने, लेकीने मागच्या वर्षी पार्कातून चकचकीत तपकिरी चेस्टनट गोळा करून आणले होते. यंदा उकडून खायचा विचार आहे.

निवडुंग

आधी शेवटचं. ते उकडू नका! ओहायोत राहून बकआय ओळखू येत नाही? तुमच्या राज्याचं झाड आहे ते, आणि फळ विषारी. खायच्या चेस्टनटला टोकाशी छोटी शेंडी असते आणि बाहेरचं कवच साळिंदरासारखं काटेरी. बकआय गुळगुळीत गोल, शेंडी नाही. पानांवरून तर चटकन कळतं. बकआयचं पान हाताच्या पंजासारखं पाच पानांचं, चेस्टनटचं एकच लांब पान, कडेला करवतीचे दाते.

आणि शेजाऱ्यांचं झाड म्हणजे ब्लॅक वॉलनट, काळा अक्रोड. बाबांना कळवा की अक्रोड लागलेलाच आहे, फक्त कुंपणापलीकडे :) त्याच्या मुळांत, पानांत, फळाच्या हिरव्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, ब्लूबेरी यांना ते सोसत नाही. घेवडा, मका, कांदा, गाजर यांना फारसं काही होत नाही. तुमच्या वाफ्याने स्वतःच उत्तर दिलंय. मोठ्या झाडाची मुळं पन्नास-साठ फुटांपर्यंत जातात, त्यामुळे तीस फूट म्हणजे त्याच्याच राज्यात. तशी मर रोगानेही टोमॅटो माना टाकतो, म्हणून पुढच्या वर्षी एक रोप तिथेच पण कुंडीत, विकतच्या मातीत लावून बघा. ते जगलं तर दोष त्या मातीत आहे एवढं तरी कळेल. झाड तोडून लगेच सुटका होईल असं मात्र नाही, सडणाऱ्या मुळांतून ते द्रव्य पुढेही बराच काळ येत राहतं. पडलेली पानं कंपोस्टमध्ये घालू नका.

बागुलबुवा

आयरिसचं मी सांगतो, पंधरा वर्षं हात पोळून घेतलेत.

बाबांचं चुकलं असं कसं म्हणू, कंद दिसतो हळदीसारखाच. पण स्वभाव उलटा. हळदीचा गड्डा उघडा पडू द्यायचा नाही, आणि दाढीवाल्या आयरिसचा कंद झाकायचा नाही. म्हैस डोहात बसली की पाठ कशी वर दिसते, तेवढी कंदाची पाठ उन्हात दिसली पाहिजे. मुळं खाली मातीत. खोल लावला की पानं येतात, फूल रुसतं, आणि ओल राहिली की कंद सडतो. लॉनच्या खतात नत्र जास्त, त्याने तो आणखी लुसलुशीत होऊन लवकर सडतो.

पण वास येतोय त्याअर्थी नुसत्या खोलीवर खापर फोडू नका. तुमच्याकडे आयरिस बोरर असणार. त्याचा पतंग शरद ऋतूत जुन्या पानांवर अंडी घालतो. वसंतात अळी पानातून पोखरत खाली उतरते आणि या दिवसांत कंदात गुलाबीसर, बोटाएवढी जाड होऊन बसलेली असते. तिने केलेल्या भोकातून कुजवणारे जिवाणू शिरतात, म्हणून ती घाण.

ऑगस्ट हाच मुहूर्त आहे. सगळे उपसा. मऊ पडलेला भाग कापून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. अळी दिसली की चिरडा. सुरी दर कंदानंतर पुसा. घट्ट, टणक तुकडे ठेवा, पानं वीतभर ठेवून पंख्यासारखी छाटा, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि फूट-दीड फूट अंतरावर, किमान सहा तास ऊन मिळेल तिथे लावा. वर मल्च (पालापाचोळ्याचं आच्छादन) नको. थंडीच्या आधी वाळकी पानं झाडून फेकलीत की पुढच्या वर्षीच्या अंड्यांचा निकाल लागला. दर तीन-चार वर्षांनी हेच करायचं. जुग्लोनची चिंता आयरिसला नाही, पण अक्रोडाच्या सावलीत मात्र ते फुलणार नाहीत.

वेखंड

अनुमोदन. बाबांची हौस मोडू नका, त्यांना सायबेरियन आयरिस आणून द्या. त्याचे ठोंब असतात, मातीखाली इंच-दोन इंच लावायचे, ओल चालते, बोररही कमी त्रास देतो. पन्हाळीचं पाणी जिथे पडतं तिथे छान. मात्र पिवळं पाणथळ आयरिस कोणी दिलं तर घेऊ नका, ओढ्यानाल्यांत फार पसरतं. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'खोटं वेखंड' आहे, त्यामुळे माझा त्याच्यावर जरा वैयक्तिक राग :)

निवडुंग

झाडांचं राहिलं. बदाम विसरा, लवकर फुलतो आणि तुमच्या उशिराच्या हिमात मोहोर जळतो. खायचा अक्रोड लावायचाच तर कार्पेथियन, तो थंडीला जास्त काटक, पण पन्नास फुटांवर जातो. चेस्टनटची दोन झाडं लागतात, एकाला फळ धरत नाही. अमेरिकन चेस्टनट करप्याने संपला, तो रोग १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि काही दशकांत जंगलंच्या जंगलं गेली. म्हणून लोक चिनी चेस्टनट लावतात. चार गुंठ्यांत मी तरी हेझलनटच लावीन. झुडूप, दहा-पंधरा फूट, तीन ते पाच वर्षांत फळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोंबते तुरे येतात, परागीकरण वाऱ्यावर, पण स्वतःच्याच जातीचे पराग चालत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या जाती हव्यात. तिकडे फिल्बर्ट ब्लाइट हा हेझलनटचा बुरशीजन्य रोग आहे, तेव्हा रटगर्स विद्यापीठाच्या २०२० च्या रोगाला टिकणाऱ्या जाती बघा: रॅरिटन, मॉनमथ, हंटरडन, सॉमरसेट.

खारूताई

लावा लावा, आम्ही वाट बघतोय.

चिंगी

सगळ्यांचे आभार! चौदातले नऊ वाचले. एका कंदात ती गुलाबी अळी निघाली, लेकीने किंचाळून गल्ली जमवली. बाबांना फोटो पाठवला. म्हणाले, "हळद अशी उघडी टाकली असती तर गावाने वेड्यात काढलं असतं." सायबेरियनवर मात्र खूश आहेत, येत्या वर्षी येऊन स्वतः लावणार. हेझलनटची दोन झुडपं सप्टेंबरअखेर आणते. पश्चिमेला, अक्रोडापासून लांब.

बागुलबुवा

खड्डे खणायच्या तीन-चार दिवस आधी ८११ ला फोन करा. गॅस-विजेच्या लाइन कुठून जातात त्या फुकट खुणा करून देतात. आणि बाबांच्या हातात खोरं द्यायच्या आधी त्या खुणा त्यांना दाखवा.