मदत हवी आहे: कोकणकड्याच्या देखाव्यात ढग दाट होत नाहीत, वात जळते

नमस्कार मंडळी,

घरच्या गणपतीला यंदा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा करतोय. पुठ्ठा आणि कागदाचा लगदा, उंची कमरेइतकी. कड्याचा आत गेलेला बाक बऱ्यापैकी साधलाय. पावसाळ्यात ढग खालून येऊन कड्याला थडकतात आणि काठावरून परत दरीत सांडतात, ते दाखवायचंय. फॉग मशीन भाड्याने मिळतं, पण नौपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेत ते लावलं तर बाप्पाच दिसायचे नाहीत. शिवाय आजोबांना दम्याचा त्रास आहे. म्हणून थोडाच धूर करणारं काहीतरी घरीच जोडतोय.

सध्या असं आहे: 28 गेजची नायक्रोम तार (वीज सोडली की तापणारी), साधारण 30 सेंमी, रिफिलवर गुंडाळून कॉइल केली. मल्टिमीटरवर 3 ओहमच्या आसपास दाखवते. एलईडी पट्टीचा 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा ॲडॉप्टर. कॉइलमधून वात ओवलीय, दोन्ही टोकं ग्लिसरिन-पाण्यात सोडलीयत, मागे कॉम्प्युटरचा छोटा पंखा.

चालू केलं की पहिला लोट झकास येतो, अगदी पांढराशुभ्र. मग तळणीचं तेल करपल्यासारखा वास, डोळे चुरचुरतात, आणि वात बरोबर मधोमध काळी. आईने वळलेली देवकापसाची वात आहे, समईत हीच रात्रभर निवांत चालते! ढग वाढावा म्हणून शेजारी तशीच दुसरी कॉइल लावली तर ॲडॉप्टरचा दिवा नुसता लुकलुकतो. दोन्ही एकामागे एक जोडल्या तर कोमट होऊन बसतात. आणि जो काही धूर होतो तो दरीत उतरायचं सोडून सरळ छताच्या पंख्याकडे जातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

कळव्याचा वायरमन:
ॲडॉप्टर चांगला आहे, त्याला दोष देऊ नका. 12 व्होल्टवर 3 ओहम म्हणजे 4 अँपिअर, 48 वॅट. दोन कॉइल समांतर लावल्या की 1.5 ओहम, म्हणजे मागणी 8 अँपिअरची. तो 5 वालाच, स्वतःला वाचवायला बंद-चालू करतो. एकामागे एक जोडल्या तर 6 ओहम, 2 अँपिअर, प्रत्येकीच्या वाट्याला 12 वॅट. तेवढ्यात काय वाफ होणार? दोन चालवायच्या तर 10 अँपिअरचा जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस, म्हणजे मोठा ॲडॉप्टरच, घ्या, सीसीटीव्हीवाले वापरतात तो. पण आधी एक तरी नीट चालू द्या.

एक वाचक:
एवढा खटाटोप कशाला, व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) तयार कॉइल घ्या ना. मोठ्या ढगांसाठीच बनवतात त्या.

वाशीकर:
भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळ्यावर बंदी आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. देखाव्यासाठी कोण त्या फंदात पडेल? तारही शेवटी नायक्रोम वगैरेच असते. व्हेपवाल्यांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: ढग वाढवायला ते नुसती आच वाढवत नाहीत. कॉइल रुंद करतात, कापूस सैल भरतात आणि हवा थेट कॉइलच्या खालून सोडतात. तुमची रिफिलवरची कॉइल फार अरुंद आहे. त्यात वात आवळली जाते, मिश्रण मध्यापर्यंत पोचतच नाही. पेन्सिलीवर गुंडाळा.

नेपथ्यवाला:
वाशीकर बरोबर, पण मूळ दुखणं कापसाचं आहे. न धुतलेल्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं. तेल त्याला चालतं, म्हणून समई छान जळते. पाणी मात्र तो झटकून टाकतो. औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळलेला कापूस मिळतो, तो मेण काढलेला असतो. दोन्हींचा एकेक बोळा वाटीभर पाण्यात टाकून बघा. दुकानातला लगेच बुडेल, देवकापूस तरंगत राहील.

ग्लिसरिन किती घातलंय ते लिहिलं नाहीत. निम्मं असेल तर ते वातीत चढायलाच जड जातं. एक भाग ग्लिसरिन, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर करा. नळाच्या पाण्याचे क्षार तारेवर बसतात. थोडं तडतडेल, वर जाळी ठेवा. ग्लिसरिन 290 अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथेच त्याचं विघटन होऊन ॲक्रोलिन तयार होतं. डोळे चुरचुरतात ते त्यानेच, घरात दम्याचा माणूस असताना हे अजिबात चालायचं नाही. ओल्या वातीत तार लाल होत नाही. लाल दिसली की वात कोरडी पडली समजा आणि लगेच बंद करा.

आता दरीचं. गरम धूर वरच जाणार. रंगभूमीवर आम्ही खाली सरपटणारा धूर हवा असेल तर गरम पाण्यात ड्राय आइस टाकतो, पण तो कार्बन डायऑक्साइड आहे, बंद खोलीत नको. तुम्ही धूर बर्फातून न्या. सहलीची जुनी आइसबॉक्स घ्या, आत जाळीवर बर्फाचे खडे, एका बाजूने धूर आत, दुसऱ्या बाजूला खालून रुंद तोंड. ते तोंड कड्याच्या माथ्यामागे काढा. गार धूर काठावरून आपसूक खाली घसरेल. मागचा छोटा पंखा मंद ठेवा, नाहीतर सगळं विस्कटतं.

वाशीकर:
अल्ट्रासॉनिक मिस्ट मेकरचा विचार केलात का? 24 व्होल्टची चकती पाण्यात सोडायची, उष्णता नाही, वास नाही.

धागाकर्ता:
तो पहिल्यांदा मनात आला होता, पण कडा पुठ्ठ्याचा आहे हो. दहा दिवस पाण्याचे तुषार बसले तर विसर्जनाआधीच दरड कोसळायची.

नेपथ्यवाले दादा, वाटीचा प्रयोग केला. आईचा बोळा अजून तरंगतोय, दुकानातला दगडासारखा तळाला गेला! तिला दाखवलं तर म्हणाली, "वाती देवासाठी वळल्या होत्या, तुझ्या प्रयोगासाठी नाही." नवीन कापूस, पेन्सिलीवरची कॉइल आणि एकास तीन मिश्रण लावल्यावर करपट वास पूर्ण गेला. आजोबांना मात्र दुसऱ्या खोलीतच बसवतोय, आणि खिडकी उघडी ठेवून आरतीनंतर थोडाच वेळ चालवणार.

दोन गोष्टी राहिल्या. वितळलेलं पाणी धुराच्या तोंडातून कड्यावर येऊ नये म्हणून पेटीत काय करता? आणि 10 अँपिअरचा एसएमपीएस ठाणे स्टेशनच्या आसपास कुठल्या भागात मिळेल? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायला रविवारशिवाय सवड नाही, आणि रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात.